साइटवरून निघायचे कधी? पूर्व आफ्रिकेतील एका अभियंत्याच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परिस्थिती अशी आहे. तुम्ही हडपसरचे, गेली दोन वर्षे पूर्व आफ्रिकेतील एका साखर कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहात आणि पत्नी व साडेचार वर्षांची मुलगी तुमच्याबरोबर वसाहतीत राहतात. जिल्ह्याचे शहर ६० किलोमीटरवर आहे आणि राजधानी सहा तासांच्या अंतरावर. तीन महिन्यांनी निवडणूक आहे, आणि गेल्या महिन्यात शहरात दगडफेक होऊन रस्ता दोन दिवस बंद होता. कंपनी म्हणते काळजीचे कारण नाही, आई-वडील पुण्याहून रोज फोन करून परत या म्हणतात, आणि करारातले उरलेले आठ महिने पुरे केले नाहीत तर तीन महिन्यांच्या पगाराएवढा बोनस बुडतो. निघावे की थांबावे, असे तुम्ही विचारले आहे. देशाचे नाव तुम्ही लिहिले नाही, ते नोकरीच्या दृष्टीने बरेच केले, पण त्यामुळे माझे काही मुद्दे तुम्हाला तिथल्या परिस्थितीशी ताडून पाहावे लागतील.

माझी ओळख एवढीच की साखर कारखान्यांची उभारणी आणि कमिशनिंग (उभारलेली यंत्रे प्रथम चालू करून देणे) यांत माझी ३१ वर्षे गेली, त्यांतली बरीच केनिया, युगांडा आणि इथिओपियात. शेवटची दहा वर्षे मी पुण्याच्या ऑफिसात बसून परदेशी साइटवरच्या माणसांची ने-आण पाहत असे, आणि २०१९ मध्ये निवृत्त झालो. म्हणजे अडकलेला माणूस आणि अडकलेल्यांना फोन करणारा माणूस, या दोन्ही खुर्च्यांवर मी बसलो आहे, आणि दुसरी खुर्ची जास्त अवघड आहे असे माझे मत आहे.

आज तुम्हाला निघायचे की थांबायचे हे ठरवण्याची घाई नाही. घाई वेगळ्याच गोष्टीची आहे. कोणती खूण दिसली म्हणजे निघायचे, हा निर्णय कोण घेणार, आणि तो घेतल्यावर चार तासांत घराबाहेर पडता येईल अशी तयारी आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे आज तुमच्याकडे नाहीत असे पत्रावरून दिसते. त्यामुळेच कंपनीचे म्हणणे ऐकले की थांबावेसे वाटते आणि आईचा फोन आला की निघावेसे वाटते. हे मी टीका म्हणून लिहीत नाही, कारण मीही तसाच अडकलो होतो.

२००७ च्या डिसेंबरात मी केनियाच्या पश्चिमेकडील ऊसपट्ट्यात, किसुमू शहरापासून काही अंतरावरच्या एका कारखान्यात होतो. आम्ही चौघे मराठी होतो आणि गेस्ट हाउसमध्ये राहत होतो. २७ डिसेंबरला मतदान शांततेत पार पडले, त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो. मतमोजणी लांबत गेली, ३० तारखेच्या संध्याकाळी निकाल जाहीर झाला, त्यानंतर तासाभरात राष्ट्राध्यक्षांचा शपथविधीही उरकला, आणि त्या रात्री आमच्या खिडकीतून किसुमूच्या बाजूला आकाश लाल दिसत होते. सरकारने वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. सकाळी रस्त्यावर दर दोन-तीन किलोमीटरला दगड आणि जळते टायर होते, आणि तिथे उभी असलेली पोरे ओळखपत्र मागून आडनाव पाहत होती. पुढच्या दोन महिन्यांत त्या देशात १,१०० हून अधिक माणसे मेली आणि लाखो बेघर झाली.

त्या सकाळी आमची अवस्था पाहा. गाडीत पाव टाकी पेट्रोल होते. चौघांच्या खिशांत मिळून सात हजार शिलिंग होते. फोनची स्क्रॅच कार्डे गावात संपली होती, आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा सुरू होऊन नऊच महिने झाले असल्याने आमच्यापैकी कोणाकडे ते नव्हते. आमच्यातल्या सांगलीकडच्या बॉयलर फोरमनचा पासपोर्ट वर्क परमिटच्या नूतनीकरणासाठी एजंटकडे नैरोबीला गेलेला होता, म्हणजे आम्ही तिघे निघू शकलो असतो आणि तो नाही. शेवटची गोष्ट मला आजही बोचते. आमचा तीन वर्षांचा विश्वासू ड्रायव्हर ज्या समाजाचा होता, त्या समाजाच्या माणसाला तो रस्ता त्या आठवड्यात जिवंत पार करता आला नसता, आणि तीन वर्षांत हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. तो आमच्याच स्टोअररूममध्ये सहा दिवस लपून राहिला. सातव्या दिवशी किसुमूच्या गुजराती व्यापाऱ्यांच्या गाड्यांबरोबर, पोलिसांच्या सोबतीने, आम्ही धावपट्टीपर्यंत पोहोचलो आणि लहान विमानाने नैरोबीला गेलो. फोरमनचा पासपोर्ट तिथे एजंटच्या कपाटातच होता.

२० डिसेंबरला कोणी मला निघायला सांगितले असते तर मी हसलो असतो, आणि ३१ डिसेंबरला मी कोणाचेही ऐकले असते. निर्णय जेव्हा थोडा हास्यास्पद वाटतो तेव्हाच तो हातात असतो, म्हणून खुणा आधी लिहून ठेवायच्या.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. अशांतता एकाच जातीची नसते आणि प्रत्येकीत धोक्याची जागा वेगळी असते. राजधानीत तरुणांचे आंदोलन पेटते तेव्हा संसदेभोवतीचा दोन-तीन किलोमीटरचा भाग टाळला तर उरलेले शहर बहुधा चालू असते. जून २०२४ मध्ये नैरोबीत आंदोलक संसदेत घुसले आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी वादग्रस्त वित्त विधेयकावर सही करणार नसल्याचे जाहीर केले. अर्थात याचे उलट उदाहरण नेपाळचे आहे, जिथे सप्टेंबर २०२५ मध्ये ८ तारखेला सुरू झालेल्या आंदोलनाने ९ तारखेला पंतप्रधानांना राजीनामा द्यायला लावला आणि काठमांडूचा विमानतळ सुमारे दिवसभर बंद राहिला. सैन्यातले दोन गट एकमेकांवर तुटून पडतात तेव्हा पहिला बळी विमानतळाचा जातो. १५ एप्रिल २०२३ ला सुदानच्या राजधानीत, खार्टूममध्ये तेच झाले. तिसरा प्रकार आमच्या वाट्याला आलेला, निकालावरून समाजासमाजांत पेटणारा. त्यात शहरांपेक्षा शहरांना जोडणारे रस्ते घातक ठरतात. तुमची वसाहत शहरापासून ६० किलोमीटरवर असल्याने तुमच्या बाबतीत हा तिसरा प्रकार मी सर्वांत गंभीर मानतो. कारखान्याच्या कुंपणात तुम्ही सुरक्षित असाल, पण बेटावर असल्यासारखे.

चौथाही एक प्रकार आहे. कारखानाच तक्रारीचे कारण असेल तर कुंपण उपयोगी पडत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये इथिओपियाच्या ओरोमिया भागात परदेशी मालकीच्या कारखान्यांवर आणि फुलांच्या मळ्यांवर हल्ले झाले, आणि त्यामागे जमिनींचा जुना राग होता. तुमच्या कारखान्याची किंवा उसाच्या मळ्याची जमीन कशी घेतली गेली, पैसे मिळाले नाहीत म्हणून कोणी भांडते आहे का, ऊस घालणाऱ्यांची देणी थकली आहेत का, हे शेतकी विभागातल्या एखाद्या स्थानिक सहकाऱ्याला चहाला बोलावून नीट विचारा. आपल्याकडे थकलेल्या एफआरपीवरून (उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दरावरून) काय होते ते तुम्हाला सांगायला नको. गेल्या महिन्यातली दगडफेक निवडणुकीची होती की उसाच्या पैशांची, हे तुमच्या पत्रात नाही, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली हीच सर्वांत महत्त्वाची गाळलेली जागा आहे.

माझा स्पष्ट सल्ला दोन भागांत आहे. पत्नी आणि मुलगी यांनी मतदानाच्या किमान तीन आठवडे आधी नेहमीच्या विमानाने, नेहमीच्या तिकिटाने, सुट्टीला म्हणून पुण्याला यावे. यासाठी कोणतीही खूण दिसण्याची वाट पाहू नये. खर्च दोन तिकिटांचा आहे, आणि काही घडले नाही तर आजी-आजोबांना नात भेटेल. परतीची तारीख मात्र मतदानानंतरच्या सोमवारची घेऊ नका. केनियात २०१७ मध्ये ऑगस्टमध्ये मतदान झाले, १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली आणि फेरमतदान २६ ऑक्टोबरला झाले. म्हणजे एका मतदानाचा ताण अडीच महिने पुरला. निकाल लागून, न्यायालयातल्या याचिका निकाली निघून, नवे सरकार शपथ घेईपर्यंतचा काळ धरावा आणि तारीख बदलता येईल असे तिकीट काढावे.

दुसरा भाग तुमच्याबद्दलचा आहे. तुम्ही थांबू शकता, पण खुणांची यादी लिहून. मी पुण्याच्या ऑफिसात एक वही ठेवत असे आणि प्रत्येक साइटसाठी पाच-सहा खुणा त्यात लिहिलेल्या असत. विमानतळाकडे जाणारा रस्ता एका आठवड्यात दोनदा बंद होणे ही पहिली. एखाद्या विमान कंपनीने त्या शहरातली सेवा थांबवणे ही दुसरी. पेट्रोल मोजून मिळू लागणे किंवा एटीएममधून रक्कम काढण्यावर मर्यादा येणे ही तिसरी. इंटरनेट बंद होणे, आणि परदेशी मुलांच्या शाळेने अचानक सुट्टी जाहीर करणे, याही खुणा मी धरत असे. माझ्या लेखी सर्वांत भरवशाची खूण मात्र व्यापाऱ्यांची होती. पूर्व आफ्रिकेतील गुजराती घराणी तीन-चार पिढ्यांपासून तिथे आहेत आणि १९७२ मध्ये इदी अमीनने ९० दिवसांत युगांडा सोडायला लावल्याची आठवण त्यांच्या घरांत अजून जिवंत आहे. तुमच्या गावचा हार्डवेअरवाला किंवा किराणावाला आपल्या बायकामुलांना राजधानीला पाठवू लागला की कंपनीचा ईमेल वाचण्यात वेळ घालवू नका. या खुणांपैकी कोणत्याही दोन दिसल्या की मी माणसाला राजधानीत हलवत असे, आणि तीन दिसल्या की मुंबईचे तिकीट काढत असे. आकडे माझे आहेत. तुम्ही दोन-तीनऐवजी एक-दोन ठेवलेत तरी हरकत नाही, पण लिहून ठेवा आणि पत्नीची त्यावर सही घ्या. सही हा शब्द मी गमतीने वापरलेला नाही. त्या दिवशी तुम्ही "अजून दोन दिवस पाहू" म्हणाल, तेव्हा तो कागद दाखवणारे कोणी तरी हवे.

एक चूक मात्र टाळा. खुणा चुकल्या आणि दंगल सुरू झाल्यावर जाग आली, तर पहिल्या दिवशी गाडी काढू नका. पहिल्या ४८ ते ७२ तासांत रस्त्यावर कोण कोणाच्या बाजूने आहे हे तिथल्या पोलिसांनाही ठाऊक नसते. त्या काळात घरात राहणे हाच शहाणपणा असतो, आणि त्यासाठी घरात सामान लागते. खार्टूममध्ये माझ्या हाताखाली पूर्वी काम केलेले दोघे अडकले होते. त्यांचे हाल गोळीबारापेक्षा पाण्याने केले, कारण वीज गेली, पंप बंद पडले, आणि बाहेर पडून पाणी आणणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होते. भारत सरकारचे 'ऑपरेशन कावेरी' २४ एप्रिलला सुरू झाले, म्हणजे लढाई पेटल्यावर नऊ दिवसांनी, आणि तेव्हाही पोर्ट सुदानपर्यंतचे सुमारे ८५० किलोमीटर बसने जावे लागले, मग समुद्रमार्गे किंवा विमानाने जेद्दा. एका माणसाला पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला पाच लिटर धरून दहा दिवसांचे पाणी, तांदूळ-डाळ, भरलेले दुसरे सिलिंडर, नेहमीच्या औषधांचा महिन्याचा साठा आणि पॉवर बँक, एवढे घरात असावे. गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये.

कागदपत्रांबद्दल मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात माणसे बंदुकीपेक्षा कागदामुळे जास्त अडकली. पासपोर्ट एजंटकडे, एचआरकडे किंवा कारखान्याच्या तिजोरीत असेल तर तो परत घ्या. भारतीय कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते आणि मालकाने तो अडकवून ठेवणे योग्य नाही. परमिटच्या नूतनीकरणासाठी तो द्यावाच लागणार असेल, तर ते काम निवडणुकीच्या बरेच आधी उरकून घ्या किंवा नंतरवर ढकला. पासपोर्ट हरवला तर भारतीय वकिलात मायदेशी परतण्यापुरते इमर्जन्सी सर्टिफिकेट देते, पण त्यासाठी वकिलातीपर्यंत पोहोचावे लागते, आणि तुम्ही सहा तास दूर आहात. दुसरा कागद बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे पिवळ्या तापाच्या लसीचे कार्ड. तुम्ही ज्या भागात आहात तिथल्या बहुतेक देशांतून भारतात उतरताना ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. घाईघाईत निघालेल्या माणसाचे कार्ड हमखास कपाटात राहते, म्हणून ते पासपोर्टच्या कव्हरातच ठेवा आणि मुलीचेही तपासा.

तिसरी गोष्ट शेजारच्या देशाची. राजधानीचा रस्ता बंद आणि सरहद्द जवळ असेल, तर बाहेर पडण्याची वाट शेजारी देशातून असू शकते. २०२४ च्या जुलैमध्ये बांगलादेशात आरक्षणविरोधी आंदोलन पेटले, १८ तारखेच्या रात्रीपासून इंटरनेट बंद झाले, आणि तिथे वैद्यकीय शिक्षण घेणारे हजारो भारतीय विद्यार्थी परतले. त्यांतले बरेच विमानाने न येता बेनापोल, आखाउडा, डावकी अशा जमिनीवरच्या नाक्यांवरून आले. त्यांच्या बाबतीत सरहद्दीच्या पलीकडे आपलाच देश होता, तुमच्या बाबतीत तिसरा देश असेल आणि तिथला व्हिसा लागेल. युरोपीय सहकारी "नाक्यावर मिळतो" असे म्हणेल, पण ते त्याच्या पासपोर्टचे झाले. भारतीय पासपोर्टला तिथे काय लागते ते आज पाहा, आणि ऑनलाइन मिळत असेल तर योग्य वेळी काढून ठेवा.

पैशांचे थोडक्यात सांगतो. तिघांचे एका बाजूचे तिकीट आणि आठवड्याचा मुक्काम भागेल एवढे डॉलर रोख, नव्या छपाईच्या मोठ्या नोटांत ठेवा, कारण त्या भागात २००६ च्या आधीच्या नोटा पुष्कळदा घेत नाहीत आणि लहान नोटांना कमी भाव देतात. शिवाय स्थानिक चलनात सुटे पैसे, दोन वेगवेगळ्या खिशांत.

आता कंपनीबद्दल. "काळजीचे कारण नाही" हे वाक्य लिहिणारा माणूस बहुधा वाईट नसतो. त्याला वरून उत्तर हवे असते आणि त्याच्याकडे खुणांची वही नसते. त्याच्याशी वाद न घालता ईमेलने तीन गोष्टी विचारा: साइट रिकामी करण्याचा निर्णय कोण घेणार आणि त्याचा फोन नंबर काय, कुटुंबाच्या तिकिटाचा खर्च कोण करणार, आणि सुरक्षिततेच्या कारणाने कामाची जागा सोडली तर ती गैरहजेरी धरणार का आणि बोनसचे काय होणार. उत्तर आले नाही तरी तुमचा ईमेल तारखेसह राहतो, आणि पुढे बोनसची बोलणी करताना तोच कामाला येतो. विम्याची पॉलिसीही मागून घ्या. बऱ्याच पॉलिसींत युद्ध आणि दंगल वगळलेली असतात. आजारी माणसाला विमानाने हलवण्याची सोय वेगळी आणि राजकीय अशांततेतून बाहेर काढण्याची सोय वेगळी. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही. हा फरक मला एकदा भर दंगलीत, फोनवर, विमा कंपनीच्या माणसाने समजावून सांगितला, आणि त्याच्या आवाजात जराही घाई नव्हती.

भारतीय दूतावासाकडे (राष्ट्रकुलातील देशांत त्याला उच्चायुक्तालय म्हणतात) तुमची तिघांची नोंद केली नसेल तर आजच करा, वसाहतीचा पत्ता आणि नकाशावरचे ठिकाण देऊन. परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' पोर्टल २०१५ पासून आहे. घरच्या माणसाला पुण्यातून तिथे तक्रार नोंदवता येते, म्हणून त्याचे खाते आताच उघडून ठेवावे. दूतावासाकडून मात्र वाजवी अपेक्षाच ठेवा. आपल्या सरकारने माणसे आणली आहेत हे खरे आहे. १९९० मध्ये कुवेतमधून अम्मानमार्गे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय आले आणि २०२२ मध्ये युक्रेनमधून २२ हजारांहून अधिक. पण युक्रेनमध्येसुद्धा विमाने रोमानिया, हंगेरी, पोलंड आणि स्लोव्हाकियात उभी होती आणि तिथपर्यंत मुलांना थंडीत स्वतःच पोहोचावे लागले. २०१६ च्या आणीबाणीत इथिओपिया सरकारने परदेशी मुत्सद्द्यांना परवानगीशिवाय राजधानीपासून ४० किलोमीटरच्या पलीकडे जाण्यास बंदी केली होती, आणि आमची साइट त्याच्या कितीतरी पलीकडे होती. अधिकारी फोनवर अत्यंत सौजन्याने बोलत, पण गाडी पाठवू शकत नव्हते. दूतावासाचा माणूस तुमच्या दारात येईल असे धरून आराखडा करू नका. त्याच्या दारापर्यंत तुम्ही कसे पोहोचाल याचा करा.

संपर्काबद्दल २०११ चा कैरोचा प्रसंग सांगतो. आमचे दोन अभियंते तिथे होते. २७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर इजिप्तमध्ये इंटरनेट बंद झाले, २८ ला मोबाइलही गेले, आणि मी पुण्यात बसून दोन कुटुंबांना काय सांगावे या विवंचनेत होतो. त्यातल्या एकाच्या घरमालकाचा लँडलाइन नंबर आमच्या फायलीत पेन्सिलने लिहिलेला सापडला आणि तो लागला. मोबाइलवरचे बोलणे २९ ला सुरू झाले, इंटरनेट मात्र २ फेब्रुवारीपर्यंत आले नाही. म्हणून वसाहतीचा, कारखान्याच्या गेटचा आणि एखाद्या शेजाऱ्याचा लँडलाइन नंबर असेल तर तो कागदावर लिहून पुण्याला द्या. इंटरनेट गेले तरी साधा एसएमएस पुष्कळदा चालतो, त्यामुळे ठरलेल्या तीन शब्दांचे संदेश आधीच ठरवा. सॅटेलाइट फोनचा मोह मात्र टाळावा. काही देशांत तो बाळगणे गुन्हा आहे आणि परवानगीशिवाय भारतात आणणेही बेकायदा आहे, म्हणजे सुटून आलेला माणूस मुंबईच्या विमानतळावर अडकायचा.

पुण्याच्या घराचे पथ्य वेगळे आहे. आई-वडील जे पाहतात ते टीव्हीवर दिवसभर फिरणारे तेच ४० सेकंदांचे चित्रण असते, आणि त्यांना तुमची वसाहत आणि ते जळते चौक यांतले अंतर माहीत नसते. त्यांना धीर देणारी वाक्ये पुरत नाहीत, वेळापत्रक पुरते. रोज भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊला, म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळी सातला, दोन मिनिटांचा फोन करा आणि दिवसभरात एरवी करू नका. फोन आला नाही तर २४ तास काही करायचे नाही, त्यानंतर एकाच माणसाने कंपनीला आणि मग दूतावासाला फोन करायचा, हे घरी ठरवून द्या. तो एक माणूस वडील नसावेत. आमच्याकडे कुटुंबांच्या यादीत मी मेहुणे, चुलतभाऊ किंवा शेजारचे निवृत्त बँकवाले काका यांना पसंती देत असे, कारण ज्याचा आवाज कापत नाही त्यालाच पलीकडून नीट उत्तर मिळते. खुणांच्या कागदाची प्रत वडिलांना जरूर पाठवा. माझा अनुभव असा की कागद हातात आल्यावर "परत ये"चे फोन कमी होतात आणि "पेट्रोल मिळते ना?" असे फोन सुरू होतात, जे पुष्कळ उपयोगी असतात.

तिथल्या वागण्याबद्दल फार लिहीत नाही. मिरवणुकीचे फोटो काढू नका, कोणत्याही पक्षाच्या रंगाचा शर्ट घालू नका, कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकालाबद्दल मत देऊ नका. ड्रायव्हर मात्र महत्त्वाचा. तुमचा ड्रायव्हर कोणत्या रस्त्यावर सुरक्षित आहे आणि कोणत्या नाही हे त्याला एकट्याला, सन्मानाने विचारा. तो स्वतःहून कधीच सांगणार नाही. त्याला जो रस्ता धोक्याचा आहे त्यासाठी दुसरा माणूस ठरवा, आणि त्याचा व घरकाम करणाऱ्या बाईंचा एक-दोन महिन्यांचा पगार वेगळ्या पाकिटात ठेवा, म्हणजे तुम्हाला निघावे लागले तर तो देऊन निघता येईल. आमच्या त्या ड्रायव्हरला आम्ही निघताना चौघांच्या खिशांत उरलेले पैसे दिले. ते फार नव्हते.

बोनसबद्दल तुम्ही संकोचाने लिहिले आहे, त्याची गरज नाही. तीन महिन्यांचा पगार ही लहान रक्कम नव्हे आणि हडपसरच्या फ्लॅटचे हप्ते मला समजतात. पण हिशेब करायचाच तर पुरा करा. आर्थिक वर्षाच्या मध्येच कायमचे परतलात आणि भारतातला मुक्काम १८२ दिवस किंवा त्याहून जास्त झाला, तर त्या वर्षी तुम्ही निवासी ठरू शकता आणि तिकडच्या पगारावरही इथे कर लागण्याचा प्रश्न येतो, हे तुमच्या सीएला आधी विचारा. मुलीच्या शाळेसाठी जूनपूर्वी पुण्यात प्रवेश घ्यावा लागेल, त्यामुळे पत्नीचे तीन आठवडे आधी येणे त्या कामालाही उपयोगी पडेल. गाळप हंगाम संपत आला असेल तर कंपनीला ऑफ-सीझनच्या देखभालीच्या काळात तुमची वार्षिक रजा द्यायला सांगणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्यात करार मोडत नाही, बोनस जात नाही, आणि मतदान ते शपथविधी या काळातले चार-पाच आठवडे तरी तुम्ही पुण्यात असाल. मी ऑफिसात असताना निम्म्याहून अधिक वेळा हाच तोडगा निघाला. वरिष्ठांना घाबरून निघालेला माणूस नको असतो, पण रजेवर गेलेला चालतो.

पुढचे लिहिण्याआधी मला तुमच्याकडून दोन गोष्टी कळायला हव्यात: ती दगडफेक कशावरून झाली, आणि तुमचा पासपोर्ट या क्षणी कोणाच्या कपाटात आहे.